दुःखिताजवळ कसे बसावे?

गावात कोणाच्या घरी मृत्यू झाला, अथवा कोणी दीर्घ दुखण्याने अंथरुणास खिळला, म्हणजे पहिली हाक बहुधा उपदेशकास येते. अशा वेळी काय बोलावे हे न सुचल्यामुळे पुष्कळ जण घाईने बोलतात, आणि त्या बोलण्याने जखम अधिकच चिघळते. दुःखितास आधार देण्याचे ज्यांनी रीतसर शिक्षण घेतले आहे, त्यांस समुपदेशक म्हणतात. त्यांच्या रीतीतून आपणांस काय घेता येईल, हे ह्या पाठात पाहू.

१. ऐकणे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) ह्यांनी साह्यकर्त्यास तीन गुण आवश्यक मानले : खरेपणा, विनाअट आदर आणि दुसऱ्याचे मन त्याच्याच ठिकाणी राहून समजणे. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, तोवर त्यांचे सांत्वन खरे होते. तोंड उघडून ते त्याचे दोष शोधू लागले, तेव्हा सर्व बिघडले. यास्तव, मूल गमावलेल्या मातेस ‘रडू नको, दुसरे होईल’ असे कदापि म्हणू नये. त्या मुलाचे नाव घ्यावे, आणि ती सांगेल ते ऐकावे.

२. शोकास मुदत नाही. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस ह्यांनी १९६९ साली पाच अवस्था सांगितल्या. परंतु त्या मरणोन्मुख रोग्यांशी बोलून काढलेल्या होत्या, आणि शोक करणारा प्रत्येक जण त्या पायऱ्या क्रमाने चढतोच असे नाही. विल्यम वॉर्डन ह्यांनी १९८२ साली शोकाची चार कामे मांडली : मृत्यू खरोखर घडला हे मान्य करणे, वेदना सोसणे, त्या माणसावाचूनच्या संसारास सरावणे, आणि मनाची ओढ त्याच्यापासून काढून अन्यत्र लावणे. हे चौथे काम त्यांनी पुढे स्वतःच बदलले. मृताशी असलेले नाते जपूनही पुढे जगता येते, असे ते म्हणू लागले. म्हणून ‘आता विसरा’ हा सल्ला देऊ नये.

३. दुखणाईत. सिसिली सॉन्डर्स ह्यांनी १९६७ साली लंडन येथे सेंट ख्रिस्तोफर हे शुश्रूषागृह उघडले. रोग्याची वेदना केवळ शरीराची नसून मनाची, कुटुंबाची व आत्म्याचीही असते, असे त्यांनी शिकविले. तेव्हा ‘आज सर्वांत अधिक त्रास कशाचा होतो?’ असे विचारून पाहावे. एखादा शेतकरी पोटातील कळ न सांगता सोसायटीचे कर्ज सांगेल. तेही त्याचे दुखणेच होय.

४. घरातील कलह. एकाच घरात सून रडते, आणि मुलगा दुसऱ्या दिवशी औत घेऊन शेतात जातो. तो पाषाणहृदयी आहे असे समजू नये. शोकाची रीत ज्याची त्याची असते. समुपदेशक न्यायाधीश होत नाही, व एकाचे शब्द दुसऱ्याकडे नेत नाही. प्रत्येकास बोलू देतो, आणि रागाच्या तळाशी असलेले भय शोधतो.

५. गुप्तता आणि मर्यादा. विश्वासाने सांगितलेली गोष्ट मंडळीत प्रार्थनेच्या निमित्तानेही उघड करू नये. मात्र जिवास धोका असेल तर गप्प राहणे हा अपराध होय. कोणी निराशेने बोलू लागला, तर ‘जीव देण्याचा विचार मनात येतो काय?’ असे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. त्यास एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशक दूर न्यावे, आणि दवाखान्यात पोहोचवावे. सरकारची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा २०२२ पासून चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६. तसेच सहा महिने उलटूनही शोकाची तीव्रता ओसरत नसेल, व नित्याची कामे होत नसतील, तर डॉक्टरांस दाखवावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत अशा दीर्घ शोकाची नोंद आहे.

वाचकहो, तेराव्या दिवसानंतर शेजाऱ्यांची ये-जा थांबते, आणि खरे एकटेपण तेव्हाच आरंभते. ज्या घरी मृत्यू होऊन वर्ष लोटले, अशा एका घरी ह्या आठवड्यात जावे. उपदेश बरोबर नेऊ नये. वेळ मात्र भरपूर न्यावा.

विचारासाठी प्रश्न : (१) ईयोबाच्या मित्रांचे सांत्वन कोठे चुकले? (२) गुप्तता कोणत्या प्रसंगी मोडावी? (३) आपल्या गावात सध्या कोणाचे ऐकणारे कोणी नाही?