गावचा मध, काळाचौकीची बरणी

काळाचौकी, लालबाग, परळ इथल्या वाचकांची मधाविषयीची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. यातल्या बऱ्याच घरांत दुकानातला मध येत नाही. गिरणीत कामाला आलेल्या आजोबांचं गाव जावळीत नाहीतर महाबळेश्वरच्या खोऱ्यात असतं आणि मे महिन्यात गावाहून परतताना पिशवीत आंब्या-फणसाबरोबर मधाची एक बाटली असते. प्रश्न त्या बाटलीचेच आहेत.

अभ्युदयनगरातून एक ताई लिहितात: दिराने गावाहून मध पाठवला. महिन्याभरात तो तळापासून थिजला, पांढरा रवा दिसतो. सासूबाई म्हणतात साखरेचा पाक मिसळलाय. टाकून द्यावा का?

ताई, टाकू नका, आणि दिरांना काही बोलला नसाल तर बरं झालं. मधात मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन साखरा असतात. पाणी सर्वसाधारणपणे पाचवा हिस्सा किंवा त्याहून कमी. एवढ्याशा पाण्यात इतकी साखर विरघळून राहणं अवघडच, म्हणून ग्लुकोज हळूहळू रव्यासारखा खाली बसतो. ज्या फुलांच्या मधात ग्लुकोज जास्त, तो लवकर साखर धरतो. न गाळलेल्या मधात परागकण असतात, त्यांच्याभोवती रवा आणखी चटकन जमतो. त्यामुळे मध थिजला एवढ्यावरून भेसळ ठरत नाही, आणि वर्षभर पातळ राहिला म्हणून शुद्धही ठरत नाही.

तुम्ही तो फ्रीजमध्ये ठेवला असेल तर थिजण्याला घाईच झाली असेल. बाहेर ठेवा. पातळच हवा असेल तर काचेची बरणी कोमट पाण्याच्या पातेल्यात उभी करा. पाणी बोट सहज बुडवून ठेवता येईल इतकंच गरम, ४० अंशांच्या आसपास. गॅसवर ठेवू नका, मायक्रोवेव्हमध्ये तर नकोच. मला विचाराल तर पातळ करायच्या फंदात पडू नका. गरम तांदळाच्या भाकरीवर घरचं लोणी आणि त्यावर हा रवाळ मध पसरा. तो ओघळत नाही, दाताखाली किंचित कुरकुरतो आणि मग विरघळतो.

आंबेवाडीतले एक काका विचारतात: पाण्यात टाकून, काडी पेटवून, अंगठ्यावर थेंब ठेवून मी मध तपासतो. या परीक्षा खऱ्या का?

काका, नाहीत. मध पाण्यात सरळ तळाला जातो तो दाट असतो म्हणून, आणि साखरेचा दाट पाकही तसाच तळाला जातो. पाकात बुडवलेली काडीसुद्धा पेटू शकते. मुंग्यांचं तर विचारूच नका, त्यांना दोन्ही आवडतं. २०२० साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने बाजारातले १३ ब्रँड तपासले आणि त्यातले फक्त तीन सगळ्या चाचण्यांत उतरले असं जाहीर केलं. प्रयोगशाळेच्या नेहमीच्या चाचण्यांना चकवणारी सिरपं निघाली आहेत, तिथे आपल्या अंगठ्याचं काय चालणार?

मग ओळखायचं कसं? मध कुणी, कुठे आणि कसा काढला हे विचारून. महाबळेश्वरला मधपाळाला मध काढताना मी जवळून पाहिलं आहे. मध पिकला की माश्या प्रत्येक घरावर मेणाचं पातळ झाकण बसवतात. मधपाळ मधपेटीतली चौकट उचलतो, माश्या हलक्या हाताने झटकतो, गरम पाण्यात बुडवलेल्या सुरीने ती झाकणं उतरवतो आणि चौकट मधयंत्रात फिरवतो. मध बाहेर येतो, पोळं शाबूत राहतं, ते परत पेटीत जातं. हा सातेरी माशीचा मध. आग्या मोहाचं पोळं अख्खं कापून हाताने पिळलं, तर मधाबरोबर अंडी, अळ्या, परागही येतात आणि असा मध लवकर आंबतो. म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी हाच: पिळलेला की यंत्राचा? न झाकलेल्या घरांतला कच्चा मध काढला असेल तर तो पाण्यासारखा लागतो, तोही घेऊ नका.

महाबळेश्वरजवळचं मांघर १६ मे २०२२ रोजी देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरातच आहे. तुमच्या गावाकडच्या माणसाने पेट्या ठेवल्या असतील, तर त्याच्याइतकी खात्री कुठलंही लेबल देणार नाही. त्या डोंगरात जांभूळ, हिरडा, गेळा फुलतो तसा मध बदलतो. सात वर्षांनी कारवी फुलली की मध काळपट आणि दाट येतो, आणि देशाच्या अन्नमानकांतही कारवीच्या मधाला साखरेच्या प्रमाणाची वेगळी मर्यादा दिलेली आहे. रंग मागच्या वर्षीसारखा नाही म्हणून शंका घेऊ नका.

लालबागहून एका भगिनीचा प्रश्न: संक्रांतीला गुळाऐवजी मधाची तिळाची वडी केली. ती थापली, पण सुटलीच नाही, चिकट राहिली. काय चुकलं? आणि मध शिजवला की विष होतो, हे खरं का?

वडी चुकली नाही, मध तिथे चुकला. गुळाचा पाक थंड झाला की आळतो, म्हणून वडी कापता येते. मधातलं फ्रुक्टोज मात्र हवेतली ओल ओढत राहतं, आणि आपल्या मुंबईच्या हवेत ओलीला काय तोटा! वडीला गूळच घ्या. मधाचे करायचे असतील तर मऊ लाडू करा. एक वाटी तीळ भाजून पूर्ण गार करा, त्यात अर्धी वाटी दाण्याचं कूट, आठ-दहा बिया काढलेले खजूर कुस्करून, वेलची, आणि शेवटी दोन चमचे मध. वळा आणि चार-पाच दिवसांत संपवा.

आता तापवण्याचं. आयुर्वेदात उष्ण मध वर्ज्य आहे, आणि ज्या घरात ती शिस्त पाळतात त्यांनी जरूर पाळावी. रसायनशास्त्राच्या बाजूने पाहिलं तर मध तापला की त्यातली विकरं निकामी होतात, सुगंध उडतो आणि हायड्रॉक्सिमिथाइल फरफ्युरल नावाचं संयुग वाढतं. मध किती तापला, किती जुना झाला हे त्यावरून कळतं, आणि अन्नमानकांत त्याला किलोमागे ८० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. केकमध्ये गेलेल्या दोन चमच्यांनी कुणी आजारी पडत नाही. पण डोंगरातल्या फुलांचा वास ज्यात आहे तो मध शिऱ्यात ढवळून उकळायचा, हे माझ्याने होत नाही. केक करायचाच तर साधा मध घ्या. एक वाटी साखरेच्या जागी पाऊण वाटी मध, दूध-पाणी तीन-चार चमचे कमी, आणि ओव्हन दहा-पंधरा अंशांनी मंद, कारण मधाने वरचा भाग लवकर करपतो.

गावचा मध गॅस बंद झाल्यावर वापरा. शिकरणात साखरेऐवजी, आंबोळीवर, गवती चहा पिण्याजोगा निवल्यावर. पेरूच्या फोडींना लिंबू, सैंधव, मिरपूड आणि अर्धा चमचा मध लावून दहा मिनिटं ठेवा. जांभळीचा मध किंचित कडवट लागतो, तो घट्ट दह्यावर घालून पाहा.

परळच्या एक आजी: नातू चार महिन्यांचा आहे. बारशाला मध-तूप चाटवायचं होतं, सूनबाई नको म्हणते.

आजी, सूनबाईंचं ऐका. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मधाचं बोटसुद्धा नको. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या पोटात ते रुजत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडतात. मध कितीही शुद्ध असो, घरच्या पेटीचा असो, हा धोका तसाच. कोमट पाण्यात पातळ करूनही बीजाणू मरत नाहीत. चांदीची वाटी पुढे ठेवा, आशीर्वाद द्या, चाटवू नका. पंचामृताच्या तीर्थाचा थेंबही बाळाला पहिल्या वाढदिवसानंतर.

काळाचौकीतून एक वाचक: पावसाळ्यात मधावर फेस आला, झाकण उघडताना फुस्स आवाज झाला.

मध आंबतो आहे. ओल्या हवेतून त्याने पाणी ओढलं, किंवा कुणी ओला चमचा घातला, आणि यीस्ट जागं झालं. आंबूस वास येत असेल तर काढून टाका. पुढच्या खेपेला मोठी बाटली एकदाच उघडून मध कोरड्या छोट्या काचेच्या बरण्यांत भरा, काठोकाठ, आणि एकेक वापरायला काढा. तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नका, मध आम्लधर्मी असतो, धातू उतरतो. चमचा स्टीलचा चालेल, फक्त तो आधी फडक्याने पुसा आणि बरणीतच ठेवून देऊ नका.