ट्रान्समीटरचे वॅट मोजायचे आहेत? आधी खर्चाचा हिशेब करा

रेडिओ सेटच्या खोक्यावर ‘५० वॅट’ छापलेले असते. त्यातले किती ॲन्टेनापर्यंत पोचतात आणि किती वाटेतूनच परत फिरतात, हे मात्र खोका सांगत नाही. ते सांगणारे उपकरण म्हणजे दिशादर्शक वॅटमीटर. हॅम परवानाधारकाला, सामुदायिक रेडिओ केंद्राच्या तंत्रज्ञाला, किनाऱ्यावर बोटींचे व्हीएचएफ सेट बसवून देणाऱ्या कारागिराला ते कधी ना कधी घ्यावेच लागते. किमती चार-पाच हजारांपासून सुरू होतात आणि सरंजामासकट लाखाच्या घरात जातात. म्हणून दुकानदाराला फोन करण्याआधी दोन आकडे कागदावर लिहा: मोजायची वारंवारता आणि मोजायचे वॅट. खरेदीचा सगळा निर्णय या दोन आकड्यांवर उभा आहे.

मीटर काय मोजतो

वॅटमीटर ट्रान्समीटर आणि ॲन्टेना यांच्या मधल्या केबलमध्ये जोडतात. ॲन्टेनाकडे जाणारी शक्ती आणि तिकडून परतणारी शक्ती तो वेगवेगळी दाखवतो. या कामात जगभर मापदंड मानला जातो तो अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील बर्ड कंपनीचा ‘मॉडेल ४३’. त्याच्या पोटात ५० ओहमच्या केबलचाच एक ताठ तुकडा असतो आणि त्याला समोरून एक भोक. त्या भोकात बोटभर जाडीची एक गोल डबी बसते. तिला सगळे ‘स्लग’ म्हणतात. स्लगमधल्या छोट्या वेटोळ्यात विद्युत आणि चुंबकीय अशा दोन्ही क्षेत्रांचा परिणाम उमटतो. बाणाच्या दिशेने जाणाऱ्या लहरीसाठी हे दोन परिणाम एकत्र येतात, उलट दिशेच्या लहरीसाठी एकमेकांना रद्द करतात. उरलेला प्रवाह डायोडमधून गेला की काटा हलतो. बॅटरी लागत नाही. बाण ॲन्टेनाकडे केला की जाणारी शक्ती दिसते, ट्रान्समीटरकडे फिरवला की परतणारी.

खरा खर्च स्लगचा

मॉडेल ४३ची किंमत विचारताना बरेच जण विसरतात की स्लग वेगळे विकत घ्यावे लागतात. प्रत्येक स्लगवर एक आकडा आणि एक अक्षर असते. आकडा म्हणजे पूर्ण काट्याचे वॅट, अक्षर म्हणजे वारंवारतेचा पट्टा:

- एच: २ ते ३० मेगाहर्ट्झ
- ए: २५ ते ६०
- बी: ५० ते १२५
- सी: १०० ते २५०
- डी: २०० ते ५००
- ई: ४०० ते १०००

अचूकता पूर्ण काट्याच्या अधिक-उणे ५ टक्के असते, समोर दिसणाऱ्या आकड्याच्या नव्हे. १०० वॅटच्या स्लगवर चूक कुठेही ५ वॅटपर्यंत असू शकते. त्यावर ५ वॅटचा वॉकीटॉकी मोजला, तर काटा शून्य ते दहा यांत काहीही दाखवेल आणि तरीही मीटर निर्दोषच ठरेल. तोच सेट १० वॅटच्या स्लगवर मोजला, तर चूक अर्ध्या वॅटवर येते. काटा मधल्या खुणेच्या वर राहील असा स्लग घ्या. महागड्या मीटरमध्ये चुकीचा स्लग बसवला, तर मोजलेला आकडा स्वस्त मीटरपेक्षाही वाईट असू शकतो.

बाजारातले तीन स्तर

खालचे आकडे अंदाजपत्रकासाठी आहेत. डॉलर सोयीसाठी ९० रुपये धरला आहे.

*पहिला स्तर, साधारण ४ ते ८ हजार रुपये.* शुअरकॉमसारखे छोटे डिजिटल मीटर. एसडब्ल्यू-१०२ हे मॉडेल १२५ ते ५२५ मेगाहर्ट्झ मोजते. हातातले सेट आणि गाडीतले व्हीएचएफ-यूएचएफ सेट यांच्या रोजच्या तपासणीला ते पुरते. पण ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा एफएम पट्टा त्याच्या बाहेर राहतो. सामुदायिक रेडिओने ते घेतले, तर ते पैसे वाया जातील.

*दुसरा स्तर, परदेशात १०० ते २०० डॉलर.* डायमंड, दाइवा यांचे काट्याचे मीटर. डायमंडचा एसएक्स-२०० हा १.८ ते २०० मेगाहर्ट्झ आणि २०० वॅटपर्यंत चालतो. एसएक्स-४०० हा १४० ते ५२५ मेगाहर्ट्झसाठी आहे. स्लगची भानगड नाही, कळ फिरवली की पल्ला बदलतो. घरच्या हॅम केंद्राला हा स्तर सर्वांत किफायतशीर.

*तिसरा स्तर, बर्ड मॉडेल ४३.* नवा घेतला तर मीटरलाच काही शे डॉलर आणि प्रत्येक स्लगला शंभराच्या वर. जुन्या बाजारात मीटर साधारण १५० ते २५० डॉलरला आणि स्लग ४० ते ८० डॉलरला मिळतो. एच पट्ट्याचे स्लग बहुधा महाग पडतात.

आता आयातीचा हिशेब. जुना मीटर २०० डॉलर, एक स्लग ६०, कुरिअर ६०, एकूण ३२० डॉलर, म्हणजे २८,८०० रुपये. सीमाशुल्क आणि आयजीएसटी वस्तूच्या किमतीवर वाहतूक व विमा मिळवून लागतात. दर अर्थसंकल्पाबरोबर बदलतात, म्हणून ४० टक्के बाजूला ठेवा: ११,५२० रुपये. एकूण ४०,३२० रुपये. दुसरा स्लग हवा असेल तर तोही याच पार्सलात मागवा, कुरिअर एकदाच लागेल.

बिलात न दिसणाऱ्या वस्तू

डमी लोड हवाच. ५० ओहमचा हा रोधक ॲन्टेनाच्या जागी जोडला की ट्रान्समीटरची सगळी शक्ती उष्णतेत जाते, हवेत लहर जात नाही. व्हीएचएफवर चालणाऱ्या ५० ते १०० वॅटच्या लोडसाठी दोन ते पाच हजार रुपये धरा आणि तो तुमच्या वारंवारतेला चालतो ना, हे विचारून घ्या. शिवाय दोन्ही टोकांना योग्य कनेक्टर असलेली एक छोटी जोडकेबल आणि एक-दोन ॲडॉप्टर, यांना हजार-दीड हजार. यूएचएफ पट्ट्यात जाड पीएल-२५९ ऐवजी एन प्रकारचा कनेक्टर वापरा.

मोजायचे कसे

आधी ट्रान्समीटर, मग मीटर, शेवटी डमी लोड अशी जोडणी करा. बाण लोडकडे ठेवा, काही सेकंदच ट्रान्समिट करा आणि आकडा लिहा. ही ट्रान्समीटरची खरी शक्ती. मग लोड काढून ॲन्टेना जोडा आणि दोन्ही दिशांचे आकडे लिहा. समजा जाणारे ५० वॅट आले आणि परतणारे २. भागाकार ०.०४, त्याचे वर्गमूळ ०.२. एक अधिक ०.२ याला एक वजा ०.२ ने भागा: एसडब्ल्यूआर, म्हणजे स्थिर लहरींचे गुणोत्तर, १.५. ॲन्टेनाकडे निव्वळ गेलेली शक्ती ४८ वॅट. परतणारी शक्ती जाणारीच्या ११ टक्के झाली की एसडब्ल्यूआर २ होतो. तिथे ॲन्टेना आणि कनेक्टर तपासायला हवेत.

परतणारी शक्ती बारकाईने मोजायला कमी वॅटचा स्लग उपयोगी पडतो. मात्र तो जाणाऱ्या दिशेला वळवून ट्रान्समिट केले, तर स्लगचा डायोड आणि मीटर दोन्ही जळू शकतात. ट्रान्समिट चालू असताना स्लग कधीही उपसू नका. एसएसबीवर बोलताना साधा मॉडेल ४३ सरासरी दाखवतो, शिखर नाही. शिखर मोजायचे असेल तर त्या सोयीचा मीटर घ्या. समुद्री व्हीएचएफची चाचणी १५६.८ मेगाहर्ट्झच्या १६ क्रमांकाच्या चॅनेलवर करू नका. संकटातला नाखवा मदत मागतो ते हेच चॅनेल.

केबल तुम्हाला फसवते

केबलमधल्या गळतीची मोजणी फुकट आहे आणि सर्वांत जास्त पैसे तीच वाचवते. १४५ मेगाहर्ट्झला आरजी-५८ केबल १०० मीटरला सुमारे २० डेसिबल गिळते. म्हणजे १५ मीटरमध्ये ३ डेसिबल, अर्धी शक्ती. खाली ५० वॅट दिसतात, गच्चीवर २५ पोचतात. परतणारी लहरही तीच केबल पुन्हा पार करते, त्यामुळे वर ॲन्टेना पूर्ण तुटलेली असली तरी खाली एसडब्ल्यूआर फक्त ३ दिसेल. मीटर गच्चीवर नेऊन ॲन्टेनाच्या पायथ्याशी दुसऱ्यांदा मोजा. दोन आकड्यांत मोठी तफावत आली, तर नवा ॲम्प्लिफायर घेण्याऐवजी आरजी-२१३सारखी जाड केबल घ्या.

सामुदायिक रेडिओला हे अधिकच लागू आहे. त्यांना प्रभावी प्रसारित शक्ती, म्हणजे ईआरपी, सर्वसाधारणपणे १०० वॅटपर्यंत परवानगी असते. मीटर ईआरपी दाखवत नाही, ती काढावी लागते. ट्रान्समीटरचे ५० वॅट, केबलमध्ये १ डेसिबल गेल्यावर उरले सुमारे ४० आणि ॲन्टेनाचा लाभ ३ डेसिबल असेल तर ईआरपी ८० वॅट.

जुना मीटर घेताना

मीटर हळूच हलवा, काटा अडखळता कामा नये. शून्यावर बसतो का पाहा. स्लग कानाशी हलवा. आत खुळखुळ झाली तर घेऊ नका. डमी लोड जोडून बाण उलटा फिरवा: काटा जवळजवळ शून्यावर आला पाहिजे. मग ओळखीच्या स्लगशी तुलना करा. घरी नेताना स्लगचा बाण वर ठेवा. त्या स्थितीत काटा प्रवासात जोराने हिंदकळत नाही.

अहवाल कोणाला सादर करायचा असेल तर कॅलिब्रेशन प्रमाणपत्र घ्या. मुंबईत अंधेरीची ईआरटीएल (पश्चिम) ही सरकारी प्रयोगशाळा आहे. खासगी प्रयोगशाळा निवडली तर तिची एनएबीएल मान्यता तुमच्या वारंवारतेला आणि शक्तीला लागू आहे का, ते तपासा. दरपत्रक मागताना नेमक्या वारंवारता कळवा, नको त्या चाचण्यांचे पैसे वाचतील.

कोणी काय घ्यावे

- नवा हॅम, हातातला ५ वॅटचा सेट: पहिल्या स्तरातला मीटर आणि छोटा डमी लोड. ७ ते १२ हजार.
- एचएफवर १०० वॅट वापरणारा: दुसऱ्या स्तरातला मीटर. शुल्क आणि लोडसह २० ते ३० हजार.
- बोटींचे २५ वॅटचे सेट दुरुस्त करणारा: जुना मॉडेल ४३ आणि ५०सी स्लग. लोडसह ४२ ते ४८ हजार.
- ५० वॅटचे सामुदायिक रेडिओ केंद्र: मॉडेल ४३ आणि १००बी स्लग, परतणाऱ्या शक्तीसाठी १०बी. जुना घेतल्यास साधारण ५५ हजार, नवा घेतल्यास लाखाची तरतूद.

वर्षातून एकदाच मोजायचे असेल तर काहीच विकत घेऊ नका. जवळच्या हॅम क्लबमध्ये बहुधा कोणाकडे तरी चांगला मीटर असतो आणि तो वापरायला शिकवणारी माणसेही तिथेच भेटतात. स्वतःचा घेतलाच, तर ॲन्टेना नवी आणि ठणठणीत असतानाच दोन्ही दिशांचे आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवा. पावसाळ्यानंतर पुन्हा मोजाल तेव्हा बिघाड सेटमध्ये आहे, केबलमध्ये आहे की कनेक्टरमध्ये शिरलेल्या पाण्यात, हे त्या जुन्या आकड्यांशी ताडून कळेल आणि नको तो भाग बदलण्याचा खर्च टळेल.