घर तेच, राज्ये चार

आज आधी एक कोडे सोडवू.

उमरेडला १९३० साली एक मुलगा जन्मला. तो इथेच वाढला. इथेच त्याने शेती केली, इथेच म्हातारा झाला. घर बदलले नाही, गाव सोडले नाही. तरी तो चार राज्यांत राहिला. हे कसे?

उत्तर सोपे आहे. माणूस जागेवरच होता. राज्याची हद्द मात्र हलत गेली.

पूर्वी इथे नागपूरकर भोसल्यांचे राज्य होते. तिसरे रघूजीराजे १८५३ मध्ये वारले. पोटी मुलगा नव्हता. इंग्रजांना एवढे निमित्त पुरले. त्यांनी राज्य खालसा केले. १८६१ मध्ये त्यांनी मध्यप्रांत नावाचा मोठा प्रांत केला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. १९०३ मध्ये त्याला वऱ्हाड जोडले. आपला मुलगा जन्मला तो या मध्यप्रांतात.

मग देश स्वतंत्र झाला. २६ जानेवारी १९५० पासून प्रांताचे नाव पडले मध्यप्रदेश. बरं का, तेव्हा मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळ नव्हती, नागपूर होती. मुख्यमंत्री पंडित रविशंकर शुक्ल नागपुरात बसून कारभार पाहत. कारभाराच्या भाषाही दोन होत्या, हिंदी आणि मराठी.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. तो दिवस सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी नागपूर मध्यप्रदेशात होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्यानंतर अठराच दिवसांनी, १ नोव्हेंबरला, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. त्या राज्यात मराठवाडा होता, तसे गुजरात, सौराष्ट्र आणि कच्छही होते. म्हणजे उमरेडचा माणूस आणि कच्छचा माणूस एकाच राज्याचे रहिवासी झाले! साडेतीन वर्षे हे असेच चालले.

मुंबईसह मराठी माणसांचे एक राज्य व्हावे म्हणून मोठे आंदोलन झाले. त्यात शंभरावर माणसांचे प्राण गेले. मुंबईचा हुतात्मा चौक त्यांच्या आठवणीचा आहे. शेवटी १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. यशवंतराव चव्हाण पहिले मुख्यमंत्री झाले. आरंभी जिल्हे २६ होते, आज ३६ आहेत. विदर्भाचे आठाचे अकरा झाले.

विदर्भाचे वेगळे राज्य करावे, अशीही मागणी इकडे होती. १९५५ मध्ये फाजल अली आयोगाने तशी शिफारसच केली होती. मुलांच्या पुस्तकांत ही गोष्ट एका ओळीत आटोपतात. आम्हाला ते बरे वाटत नाही. विदर्भाच्या लोकांना भरवसा यावा म्हणून १९५३ मध्ये मराठी पुढाऱ्यांनी नागपूर करार केला होता. वर्षातून काही काळ सरकारने नागपूरला यावे, असे त्यात ठरले. हिवाळ्यात विधिमंडळ नागपूरला भरते, त्याचे मूळ या करारात आहे.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, या जुन्या गोष्टी आम्हाला कशाला? तर त्या तुमच्या पेटीतल्या कागदांसाठी.

जातीचा दाखला काढताना आणि त्याची पडताळणी होताना जुना पुरावा मागतात. अनुसूचित जातीच्या माणसाला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. विमुक्त आणि भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. मग घरात शोधाशोध होते. आजोबांचा शाळेचा दाखला निघतो. कोतवाल पंजीची नक्कल निघते. एखादे खरेदीखत निघते. आणि कोणी तरी म्हणते, "गुरुजी, हे तं मध्यप्रदेशचं हाय. आपल्या काय कामाचं?"

कामाचेच आहे! फेकू नका. आधी सन पाहा, मग राज्याचे नाव पाहा. १९४९ च्या कागदावर मध्यप्रांत व वऱ्हाड असेल. १९५४ च्या कागदावर मध्यप्रदेश असेल. १९५८ चा असेल तर मुंबई राज्य. १९६१ चा असेल तर महाराष्ट्र. जिल्हा मात्र चारही वेळा नागपूरच. राज्याचे नाव वेगळे आहे म्हणून कागद खोटा होत नाही. तो हिंदीत असला तरीही होत नाही. आमच्या वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर मध्यप्रदेश असेच छापलेले आहे, आणि तो आम्ही जपून ठेवला आहे.

आजचा सरकारी कागद घ्या. माथ्यावर महाराष्ट्र शासन ही अक्षरे वाचा. राज्याची मुद्रा गोल आहे. तिच्या मध्ये समई आहे. ही झाली कागदावरची खूण. राज्याच्या आणखीही खुणा आहेत, त्या रानात सापडतात.

राज्याचे झाड आंबा. त्याविषयी आम्ही काय सांगावे! फूल ताम्हणाचे. ते जांभळे असते आणि भर उन्हाळ्यात, महाराष्ट्र दिनाच्या सुमारास फुलते. प्राणी शेकरू. ही मोठी खार. शेपटी अंगाहून लांब. झाडावरून जमिनीवर क्वचितच उतरते. भीमाशंकरच्या रानात ती आहे, तशी आपल्याकडे मेळघाटात आणि गडचिरोलीतही आहे. पक्षी हरियाल. हे हिरवे कबूतर, पाय पिवळे. वड, पिंपळ, उंबर पिकले की थव्याने येते. पण पानांत असे मिसळते की झाडाखाली उभ्या माणसाला दिसत नाही. फळे टपटप पडू लागली की वर पाहावे.

राज्याचे फुलपाखरू ठरवण्याचा मान देशात पहिल्यांदा महाराष्ट्राने घेतला. ते २०१५ साली. काळ्या पंखांवर निळे मोठे पट्टे असलेले ते फुलपाखरू आहे. २०२० मध्ये खारफुटीचे झाड ठरले, पांढरी चिप्पी. २०२३ मध्ये मासा ठरला, पापलेट. ही दोन्ही समुद्राकडची. आपल्या तलावात पापलेट शोधू नका!

२०२३ मध्येच राज्याचे गीतही ठरले, 'जय जय महाराष्ट्र माझा'. लिहिणारे राजा बढे नागपूरचे. चाल श्रीनिवास खळे यांची, आणि गाणारे शाहीर साबळे. त्यात नद्यांची नावे येतात. त्यांत वरदा येते. ती आपली वर्धा नदी.

पहिलेपणाच्या गोष्टी महाराष्ट्रात पुष्कळ घडल्या. १८४८ साली पुण्याला भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला देशातली पहिली प्रवासी आगगाडी गेली. (उमरेडवरून जाणारी नागपूर–नागभीडची छोटी गाडी २०१९ मध्ये थांबली. रूळ रुंद करायचे म्हणून.) १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा बोलपट नव्हे, मूकपट दाखवला. त्यात तारामतीचे काम पुरुषाने केले होते.

पण आमच्या मते सगळ्यांत मोठी गोष्ट रोजगार हमीची. १९७२ चा दुष्काळ मोठा होता. रानात काम नाही, घरात दाणा नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना अशी, की सरकारने धान्य वाटण्यापेक्षा मागेल त्याला काम द्यावे. त्या दुष्काळात ती राज्यभर चालली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत मिळाले पाहिजे, नाही तर बेकार भत्ता. म्हणजे काम ही मेहेरबानी राहिली नाही, हक्क झाला. पैसा कुठून आला? नोकरदार आणि व्यापारी यांच्यावर व्यवसाय कर बसवला. शहराच्या पगारातून खेड्यात पाझर तलाव, बांध, रस्ते झाले. मजुरी कामाच्या मापावर होती, बाई म्हणून कमी नव्हती. पुढे २००५ मध्ये संसदेने सगळ्या देशासाठी असा कायदा केला.

अशा कामावर हजेरीपट असतो. अंगठा उठवणाऱ्याला त्यावरचे दिवस दुसरा सांगतो. वाचणारा आपले दिवस आपणच मोजतो.

दुसरा कायदा २०१६ चा. तो २०१७ पासून लागू झाला. हाही देशात पहिलाच. जातपंचायत किंवा गावकी एखाद्या घराला वाळीत टाकते. त्याला कोणी बोलवायचे नाही, त्याच्या मयतीला जायचे नाही, सोयरीक करायची नाही. महाराष्ट्रात आता हा गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ज्याला वाळीत टाकले तो माणूस किंवा त्याच्या घरचा कोणीही पोलीस ठाण्यात किंवा न्यायदंडाधिकाऱ्याकडे तक्रार देऊ शकतो. तक्रार लिहिल्यावर ती आधी स्वतः वाचावी, मगच सही करावी.