माजघराची झाडलोट आणि माटवी

श्रावण सरू लागला की आपल्या मालवण किनाऱ्यावर घरोघरी हिरांच्या खराट्याचा आवाज ऐकू येऊ लागतो. चतुर्थी तोंडावर आलेली असते. वाशांवरील जळमटे उतरतात, पेट्या सरकतात, तसबिरी पुसल्या जातात. इंग्रजी पुस्तकांतून वसंत ऋतूतील साफसफाईची वर्णने विद्यार्थ्यांनी वाचली असतील. थंड देशांत हिवाळाभर दारे-खिडक्या लावून, शेगडीच्या धुरात बसलेली माणसे उन्हे पडताच घर झाडू लागतात. आपला बंदिवास थंडीचा नव्हे, पावसाचा. या जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि आपली झाडलोट येते तीही पाऊस पूर्णपणे उघडण्यापूर्वीच. हा मोठाच पेच होय.

आमच्या जुन्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या. हा दगड सच्छिद्र असल्याने जमिनीतील ओल वर ओढून घेतो. त्यात समुद्रावरील वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण येऊन भिंतीत मुरतात. पावसाळ्यात बरणीतील मीठ जसे पाझरते, तशीच ही भिंतही पाझरते. अशा भिंतीस ओल्या फडक्याने पुसणे म्हणजे मीठ विरघळवून पुन्हा आत घालणे. पुढे कार्तिक-मार्गशीर्षात भिंत सुकली म्हणजे पांढरी भुकटी बाहेर येते. ती कोरड्या कुंचल्याने झाडून, सुपात धरून, घराबाहेर टाकावी. एवढ्या साध्या गोष्टीने भिंतीचे आयुष्य वाढते.

हे ज्ञान आम्हांस फुकट मिळालेले नाही. काही वर्षांपूर्वी बैठकीच्या खोलीस आम्ही मोठ्या हौसेने तकतकीत तैलरंग लावला. दरसाल चुना लावण्याची कटकट मिटली, असे आम्हांस वाटले. पुढच्याच आषाढात भिंतीवर फोड आले, भाद्रपदात पापुद्रे सुटले, आणि त्यांआड हिरवी बुरशी दिसली. रंगाने ओल थांबविली नव्हती. तिचा बाहेर पडण्याचा मार्ग मात्र बंद केला होता. पापुद्रे खरवडण्यात आमच्या नाताळच्या सुटीतील चार दिवस गेले आणि गोठा व नक्षत्र करण्याचे काम तसेच राहिले. मुले कित्येक दिवस आमच्याशी नीट बोलत नव्हती!

तेव्हापासून आम्ही पुन्हा चुन्याकडे वळलो. कळीच्या चुन्यावर पाणी घातले म्हणजे तो कसा उकळतो, हे विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत पाहिलेच आहे. (घरी हे काम मोठ्यांनीच करावे, चुन्याचा थेंब डोळ्यांस मोठी इजा करतो.) विरलेला चुना भिंतीवर चढल्यावर हवेतील कर्बवायू घेऊन हळूहळू पुन्हा दगडाच्या जातीचा होतो, तरी त्यातून वाफ आरपार जाऊ शकते. त्याच्या तीव्र क्षारामुळे बुरशीसही थारा मिळत नाही. पातळ कालवून, भिंत किंचित भिजवून, दोन-तीन हात द्यावे. एकच जाड हात दिल्यास तो सुटून पडतो. ज्यांना चुना दुबळा वाटतो त्यांनी समोरच्या सिंधुदुर्ग किल्ल्यावर जावे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी त्याच्या बांधकामास आरंभ झाला. तेथे चुन्यात उमटलेला हाताचा व पायाचा ठसा शिवाजी महाराजांचा म्हणून आजही दाखविला जातो.

सफेती दरसाल लागते ही तक्रार खरी आहे. परंतु ती लागते म्हणूनच कपाट दरसाल भिंतीपासून सरते आणि त्यामागची वाळवी वेळीच दिसते.

माटवीचेही तसेच आहे. आम्ही ख्रिस्ती, आमच्या घरी गणपती येत नाही. पण शेजारच्या माजघरात माटवी बांधताना काथ्या हाती देण्याचे काम बालपणी आम्ही अनेक वर्षे केले. लाकडी पट्ट्यांची चौकट मूर्तीवर आढ्यास टांगतात आणि तीस नारळ, सुपारीची शिपटी, आंब्याचे टाळे, लाल कवंडळे, कांगण्यांचे घोस, शेरवड, तेरडा, हरणाची फुले बांधतात. गोमंतकात हिलाच माटोळी म्हणतात. तेथील सरकारचे कला व संस्कृती खाते तिच्या स्पर्धा भरविते. तेरड्याचा रंग तीन दिवस हे खरेच. मधल्या काळात मात्र थर्माकोलची मखरे आली, जी वर्षानुवर्षे माळ्यावर राहून धूळ व झुरळे सांभाळीत. २०१८ च्या मार्चात महाराष्ट्र सरकारने त्यांवर बंदी घातली. आता माटवीत क्वचित प्लॅस्टिकची फळेही दिसतात.

यंदा आम्ही वर्गास माटवीतील वनस्पतींची नावे लिहावयास सांगितली. बहुतेकांची लेखणी चौथ्या-पाचव्या नावापाशी अडली. कित्येक माटव्यांत कळलावी असते. तिचे ज्वाळेसारखे फूल सर्वांनी पाहिले होते, परंतु तिचे सर्वांग, विशेषतः कंद, अतिशय विषारी आहे हे फार थोड्यांस ठाऊक होते. कवंडळही खाण्याचे फळ नव्हे. शेरवडीचे जे पांढरे पान म्हणून आपण बांधतो ते फुलाच्या निदलाचेच वाढलेले दल असते. खरे फूल त्याशेजारचे नारिंगी, इवलेसे. मुलांनी मग घरी चौकशी केली. एक विद्यार्थी आजीबरोबर डोंगरावर गेला. कवंडळाचा वेल तो मुळासकट ओढू लागताच आजी म्हणाली, “झिला, सगळोच काढलंस तर फुडल्या वर्साक काय बांधतलंस?” त्याने दोन फळे घेतली आणि अकरा नावे लिहून आणली.

ती यादी वर्गाच्या भिंतीवर लाविली आहे. बारावी जागा अद्याप रिकामी आहे: करड्या सालीचे, अंगठ्याएवढे, उकलल्यावर आत तांबूस बी असलेले एक रानफळ. पालकांपैकी कोणास त्याचे नाव ठाऊक असल्यास पाल्याबरोबर कळवावे. शक्य तर डहाळीही पाठवावी.