कोंबडी आतून शिजली का?
निखाऱ्यावर भाजलेली कोंबडीची तंगडी बाहेरून करपते, तरी हाडाजवळ कच्ची राहू शकते. तेथे साल्मोनेला जंतू जिवंत राहिल्यास जुलाब, उलट्या, ताप येतो. रंगावर विसंबू नये; तिखट-मसाल्याच्या लालीत तर काहीच कळत नाही. स्वयंपाकाच्या थर्मामीटरची सळई सर्वांत जाड भागात खुपसावी, हाडाला टेकवू नये. ७४ अंश सेल्सिअस झाले की तंगडी उतरवावी. वायरवाली सळई भाजताना आतच ठेवता येते, पण वायरला निखारा लागू देऊ नये. बिनवायरच्या सळईचा आकडा मोबाईलवर दिसतो. मात्र तिच्यात बॅटरी असते, म्हणून ती किती उष्णता सोसते हे आधी वाचावे. कच्च्या मांसातून काढलेली सळई साबणाने धुऊनच पुन्हा वापरावी. घरातला ताप मोजायचा काचेचा थर्मामीटर येथे मुळीच नको. तो ४२ अंशांपर्यंतचाच, फुटला तर पारा जेवणात!