उंबरठ्याआडचे अलगीकरण : साथीच्या काळातील कुटुंबजीवन

साथीचा रोग पसरू लागला म्हणजे शासन आदेश काढते, रस्त्यांवर पहारे बसतात, रुग्णालये सज्ज होतात. परंतु या आदेशांची खरी अंमलबजावणी होते ती घराच्या उंबरठ्याआड. तेथे कोणी अधिकारी नसतो. असते ते केवळ कुटुंब. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि कोट्यवधी कुटुंबांनी कित्येक आठवडे चार भिंतींच्या आत काढले. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. संकट ओसरल्यावर त्याचा विसर पडतो, हा मनुष्यस्वभाव आहे. म्हणूनच त्या दिवसांचा अभ्यास शांततेच्या काळात होणे अगत्याचे आहे.

प्लेगचा धडा

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग सुरू झाला आणि पुढील वर्षी साथरोग अधिनियम अस्तित्वात आला. त्या काळात रुग्णाला घरातून उचलून रुग्णालयात नेले जाई आणि घरच्या माणसांची रवानगी अलगीकरणाच्या छावण्यांत होई. घर मोडले जाण्याच्या भीतीने लोक आजार लपवू लागले आणि त्यामुळे रोग अधिकच फैलावला.

नाशिक जिल्ह्यातील भगूरच्या सावरकर कुटुंबाची हकीकत या दृष्टीने बोलकी आहे. १८९९ मध्ये दामोदरपंत सावरकर प्लेगने गेले. पाठोपाठ धाकटा मुलगा नारायण आजारी पडला व त्याला नाशिकच्या प्लेग रुग्णालयात ठेवावे लागले. त्याच्या शुश्रूषेसाठी थोरले बंधू बाबाराव तेथेच राहिले आणि त्यांनाही प्लेगने गाठले. सुदैवाने दोघे बरे झाले. या काळात विनायकराव व येसूवहिनी यांना नाशिकमध्ये दातार कुटुंबाने आसरा दिला. ज्या घराकडे पाहण्यासही लोक धजत नसत, त्या घरातील माणसांना जवळ करणारा शेजार किती मोलाचा असतो, हे यावरून ध्यानात येते.

घर हेच केंद्र

२०२० मध्ये चित्र उलटे होते. प्लेगच्या काळात घर रिकामे केले जाई. कोरोनाच्या काळात घर हेच प्रतिबंधाचे केंद्र ठरले. रुग्णाच्या संपर्कात आलेल्या निरोगी व्यक्तीला वेगळे ठेवणे म्हणजे अलगीकरण आणि प्रत्यक्ष रुग्णाला वेगळे ठेवणे म्हणजे विलगीकरण, हे शब्द घरोघरी पोचले. त्या वर्षीच्या मार्चमध्ये महाराष्ट्रात गृह अलगीकरणातील व्यक्तींच्या डाव्या हातावर शिक्का मारण्यात येऊ लागला.

मात्र सर्व घरे सारखी नसतात. एप्रिल २०२० मध्ये मालेगावात साथीने उचल खाल्ली, तेव्हा ही गोष्ट प्रकर्षाने पुढे आली. यंत्रमागांवर पोट असणाऱ्या या शहरात दाटीवाटीची वस्ती आहे. एकाच खोलीत अख्खे कुटुंब राहत असताना रुग्णाला स्वतंत्र खोली द्या, हा सल्ला निरुपयोगी ठरतो. माग थांबले की मजुरीही थांबते. द्राक्ष बागायतदारांची अडचण निराळी होती. हंगामाच्या अखेरीस बाजार बंद झाल्याने अनेकांनी द्राक्षांचा बेदाणा केला. बाहेरचे हे नुकसान घरात चिंता आणि चिडचिड होऊन उतरले.

ताण कशाने वाढतो ?

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने फेब्रुवारी २०२० मध्ये अलगीकरणाच्या मानसिक परिणामांविषयीच्या २४ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. लांबलेली मुदत, संसर्गाची भीती, कंटाळा, अपुरे सामान, अपुरी माहिती, आर्थिक नुकसान आणि समाजाने लावलेला कलंक ही ताणाची प्रमुख कारणे त्यात नोंदविली आहेत. यांतील बहुतेक कारणे उंबरठ्याबाहेरची आहेत. धान्य, औषध आणि अचूक माहिती वेळेवर मिळाली, तर घरातील निम्मे भांडण मिटते.

उरलेला भाग मात्र कुटुंबाच्या हाती असतो. दिवसाला घडी असावी. उठणे, जेवण, अभ्यास व झोप यांच्या वेळा ठरलेल्या असल्या, की वेळ खायला उठत नाही. घरकामाची वाटणी हा त्याहून महत्त्वाचा विषय होय. सर्व माणसे दिवसभर घरी असली म्हणजे चूल दिवसभर पेटती राहते आणि तिचा भार एकट्या गृहिणीवर पडतो. पुरुषांनी व मोठ्या मुलांनी पाणी भरणे, भांडी घासणे, केर काढणे ही कामे अंगावर घ्यावीत. जागा अपुरी असली तरी दिवसातील काही वेळ प्रत्येकाचा स्वतःचा असावा. त्या वेळात त्याला कोणी हाक मारू नये.

मुले आणि वृद्ध

‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या उपक्रमाद्वारे शिक्षण विभागाने भ्रमणध्वनीवरून अभ्यास पोचविला. परंतु घरात एकच भ्रमणध्वनी आणि तोही वडिलांबरोबर शेतात, अशी स्थिती असलेली मुले मागे पडली. अशा घरांची यादी शिक्षकांनी आधीच तयार ठेवणे इष्ट. मुलांना आजाराविषयी त्यांना समजेल अशा शब्दांत खरे सांगावे. लपविलेल्या गोष्टीची भीती अधिक वाटते. वृद्धांना संसर्गाचा धोका अधिक, म्हणून त्यांना वेगळे बसविले जाते. त्यांना एकटे पाडले जाणार नाही, याची मात्र काळजी घेतली पाहिजे. दाराआडून का होईना, रोज चार शब्द बोलणे हे औषधाइतकेच आवश्यक असते.

बंद दारामागील जाच

घर सर्वांनाच सुरक्षित असते असे नाही. टाळेबंदीच्या काळात राष्ट्रीय महिला आयोगाकडे कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी वाढल्या आणि आयोगाला एप्रिल २०२० मध्ये व्हॉट्सॲपवर तक्रार स्वीकारण्याची सोय करावी लागली. जाच करणारा चोवीस तास घरात असताना पीडित स्त्रीला दूरध्वनी करणेही कठीण जाते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यान्वये संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. त्यांचे नाव व संपर्क, महिलांसाठीचा १८१ आणि मुलांसाठीचा १०९८ हे क्रमांक पंचायतीच्या फलकावर कायम लिहिलेले असावेत.

पंचायतीचे कर्तव्य

सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत पथकांनी राज्यभर घरोघरी जाऊन तापमान व प्राणवायूची पातळी तपासली. त्याच भेटीत आणखी तीन प्रश्न विचारता येतात : घरात धान्य किती दिवसांचे आहे ? रोजचे औषध कोणाला लागते ? घरातील बाईला विसावा मिळतो काय ? तिसरा प्रश्न आशा सेविकेने बाईला एकटीला गाठून विचारावा.

ज्या घरात स्वतंत्र खोली नाही, त्याच्यासाठी शाळा किंवा समाजमंदिर तयार ठेवावे. अलगीकरणाची मुदत कोणत्या तारखेला संपते, हे कुटुंबाला लेखी कळवावे. शेवट दिसत असला की वाट सोपी होते. आणि मुदत संपल्यावर सरपंच वा शिक्षक यांनी स्वतः त्या घरी जाऊन चहा घ्यावा. कलंक पुसण्यास याहून परिणामकारक परिपत्रक नाही.

पुढील साथ केव्हा येईल, हे कोणी सांगू शकत नाही. मात्र ती आली असता घरांवर कोणता भार पडेल, हे आता ठाऊक झाले आहे. तो भार वाटून घेण्याची तयारी गावोगावी आजच व्हावयास हवी.