जन्माचा ऋतू आणि एक जून

माणसांचे जन्म बारा महिने सारखेच होत असतील, असा आपला समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही. एकोणिसाव्या शतकात बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ केतले यांनी महिनावार जन्म मोजले व त्यांतील चढउतार दाखविले. उत्तर युरोपात पूर्वी वसंत ऋतूत जन्म अधिक होत. भारतात हा भर साधारणतः ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात दिसतो. तेथून नऊ महिने मागे मोजले, की कार्तिक ते पौष हा थंडीचा काळ येतो. कडक उन्हाळ्यात गर्भधारणेचे प्रमाण घटते, असे अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतही आढळले आहे. हवामानाच्या जोडीला लग्नसराई, सुगी आणि रोजगारासाठीचे स्थलांतर हीही कारणे असतात.

मग आपल्या परंडा तालुक्याचे काय? उत्तर शोधायला कोणी शाळेचे जुने दाखलखारीज रजिस्टर उघडले, तर त्याला निम्मे गाव १ जूनला जन्मल्यासारखे वाटेल! हा निसर्गाचा नियम नव्हे. शाळा जूनमध्ये उघडे, मुलाची जन्मतारीख आईबापांना सांगता येत नसे, आणि गुरुजी वयाच्या अंदाजाने साल धरून १ जून लिहीत. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणूनच महाराष्ट्रात दर ३१ मे रोजी निरोपसमारंभांची रीघ लागते.

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. परंतु त्यानुसार जन्म जेथे होतो तेथे नोंदला जातो. पहिले बाळंतपण माहेरी होते. ऊसतोडीला गेलेल्या बाईचे कारखान्याच्या परिसरात होते. म्हणजे ही नोंद खरी असली, तरी ती आपल्या गावच्या दप्तरात सापडेलच असे नाही.

खरा ऋतू जपला आहे तो आयाबायांच्या आठवणीत. माझ्या वडिलांच्या दाखल्यावर १ जून आहे, आजी मात्र सांगते, "गौरी जेवल्या त्या रात्री झाला." कोणी पोळ्याचा, कोणी ज्वारीच्या काढणीतला. अधिक मासामुळे सण इंग्रजी तारखांच्या मानाने सुमारे महिनाभर मागेपुढे होतात, पण ऋतू सोडत नाहीत. साल पक्के ठाऊक असेल, तर जुन्या पंचांगावरून तारीखही काढता येते.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मणाऱ्यांना शाळाप्रवेशासाठी जन्मदाखलाच पुरावा मानला जातो. त्यामुळे नव्या पिढीचा ऋतू कागदावर राहील. मागच्या पिढ्यांचा मात्र आजीबरोबर जाईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण गावोगाव जातोच. त्या वेळी वही घेऊन प्रत्येक घरी एवढेच विचारावे: "आजी, तुमची लेकरं कोणत्या सणाला झाली?" भूगोल, इतिहास आणि अर्थशास्त्र या तिन्ही विभागांना पुरेल असा अभ्यास त्या वहीतून उभा राहील.